शंभर कोटी नक्की कोणाच्या खिशात गेले?

रविवारी सकाळी आमचा मिसळीचा ग्रुप जमतो. सात-आठ जण आहोत, कोणी सातपूर एमआयडीसीत, कोणी बँकेत, एक जण द्राक्षवाला आहे तो पिंपळगावहून गाडी काढून येतो, आणि सगळ्यांना व्यसन एकच, सिनेमा. मागच्या महिन्यात दोघांची जाम जुंपली. एक म्हणतो अमुक सिनेमा शंभर कोटींच्या वर गेला म्हणजे सुपरहिट, दुसरा मोबाईल नाकाखाली धरून म्हणतो हे वाच, फ्लॉप लिहिलंय. पैज लागली, हरणाऱ्यानं सगळ्यांच्या मिसळीचं बिल द्यायचं. मी अकाऊंट्समधला माणूस म्हणून निवाडा माझ्या गळ्यात मारला. आणि गंमत अशी की दोघंही बरोबर होते. हे त्यांना पटवता पटवता दोन एक्स्ट्रा तर्री संपल्या आणि पाच-सहा टिशू पेपर आकड्यांनी भरले, तेच टिशू पेपर इथं जरा नीट उतरवून काढतोय.

आधी कांद्याकडे बघू

नाशिकच्या माणसाला सिनेमाचा धंदा समजवायचा तर लासलगावपासून सुरुवात केलेली बरी. समजा बाजारात तुम्ही कांदा चाळीस रुपये किलोनं घेतला. आता ते चाळीस रुपये शेतकऱ्याला मिळाले असं नाशकात तरी कोणी म्हणणार नाही. मधे हमाली आहे, तोलाई आहे, ट्रकचं भाडं आहे, सडलेला माल आहे, व्यापारी आहे, शेवटी हातगाडीवाला आहे. शेतकऱ्याच्या हातात काय पडलं हा आकडाच वेगळा. आणि त्याला पुढं हे पण बघायचं असतं की बियाणं, औषधं, मजुरी मिळून खर्च किती झाला होता. चाळीस रुपये किलोचा भाव असताना पण शेतकरी तोट्यात असू शकतो, हे आपण दर दोन वर्षांनी बघतो.

सिनेमाचं डिट्टो तसंच. शंभर कोटी हा हातगाडीवरचा भाव आहे. आपण सगळे फॅन लोक त्या हातगाडीच्या भावावरनं शेतकरी श्रीमंत झाला का गरीब यावर भांडत बसतो.

एका तिकिटाची चिरफाड

समजा कॉलेज रोडच्या पोरानं शनिवारी संध्याकाळच्या शोचं तिकीट २३६ रुपयांना काढलं. (ऑनलाइन काढलं तर वर कन्व्हिनियन्स फी, ती वेगळीच जाते, ती या हिशेबात धरतच नाहीत.) त्यातले ३६ रुपये जीएसटी. शंभर रुपयांच्या वरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी आहे, शंभर किंवा त्याच्या खालच्या तिकिटाला आधी १२ टक्के होता तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. २०१७ ला जीएसटी आला तेव्हा तर वरच्या तिकिटाला २८ टक्के होता, तो १ जानेवारी २०१९ पासून १८ वर आला. म्हणजे ३६ रुपये सरकारचे, राहिले २००.

या २०० चे दोन वाटेकरी. एक थिएटरवाला आणि दुसरा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे निर्मात्याकडनं सिनेमा घेऊन तो थिएटरांपर्यंत पोचवणारा, आपल्या कांद्यातला व्यापारी. मल्टिप्लेक्समधे यांची वाटणी आठवड्यागणिक बदलते. पहिल्या आठवड्यात निम्मं-निम्मं, दुसऱ्या आठवड्यात डिस्ट्रिब्युटरला साडेबेचाळीस टक्के, तिसऱ्यात साडेसदतीस, त्यापुढं तीस. ही चौकट सहजासहजी आलेली नाही बरं का, २००९ मधे हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले वाटणीवरनं इतके भांडले की एप्रिलपासून जूनपर्यंत मल्टिप्लेक्सला मोठा नवा हिंदी सिनेमाच दिला गेला नाही, आणि मग समझोता झाला तो हा. प्रत्येक करारात थोडं इकडं तिकडं होतं पण ढाचा तोच धरून चालायचं.

म्हणजे आपल्या पोराच्या २३६ मधले शंभर रुपये डिस्ट्रिब्युटरकडं गेले. तेच तिकीट त्यानं तिसऱ्या आठवड्यात काढलं असतं तर ७५ गेले असते. यातनं एक गोष्ट कळते जी मला स्वतःला खूप उशिरा कळली, की सिनेमा जेवढा जास्त दिवस चालतो तेवढा थिएटरवाल्याचा वाटा वाढत जातो. उलट निर्मात्याला घाई असते, जे काय व्हायचं ते पहिल्या आठवड्यात होऊ दे. ती पहिल्या तीन दिवसांची आरडाओरड, शहराशहरात फिरणारे हिरो, रात्री बारा वाजता उघडणारं बुकिंग, सगळं त्या निम्म्या वाट्यासाठी.

ग्रॉस, नेट आणि शेअर: भांडण इथंच होतं

आता तीन शब्द लक्षात ठेवा म्हणजे पुढच्या वेळी पैज जिंकाल. प्रेक्षकांनी टॅक्ससकट जे पैसे दिले त्याची बेरीज म्हणजे ग्रॉस. त्यातनं जीएसटी वजा केला की नेट. आणि नेटमधला जो हिस्सा डिस्ट्रिब्युटरकडं आला तो शेअर. बस.

पोस्टरवर छापतात तो बहुतेक वेळा ग्रॉस, त्यात पण वर्ल्डवाईड ग्रॉस, म्हणजे दुबई, अमेरिका सगळं धरून. आकडा मोठा दिसतो ना. धंद्यातली जुनी माणसं मात्र नेट किंवा शेअर विचारतात.

टिशू पेपरवरचा हिशेब असा होता. भारतातला ग्रॉस १०० कोटी धरा आणि सगळी तिकिटं शंभरच्या वरची धरा. १८ टक्के काढले की नेट उरतो ८४ कोटी ७५ लाख. यातले समजा ६० कोटी पहिल्या आठवड्यात आले, १८ दुसऱ्या, आणि पावणेसात तिसऱ्या. शेअर झाला ३० कोटी, अधिक ७ कोटी ६५ लाख, अधिक साधारण अडीच कोटी. सगळे मिळून चाळीस कोटींच्या आसपास.

शंभराचे चाळीस! आमच्या पिंपळगाववाल्याचा घास हातातच राहिला, म्हणे हे तर आमच्यापेक्षा वाईट आहे. म्हटलं थांब, अजून आहे. या चाळीसमधनं जाहिरात-पब्लिसिटीचा खर्च जायचाय, सिनेमा थिएटरांना डिजिटल पद्धतीनं पाठवायचा खर्च जायचाय, डिस्ट्रिब्युटरचं कमिशन जायचंय. उरलं ते निर्मात्याचं, आणि त्या उरलेल्यात सिनेमाचं बजेट वसूल झालं पाहिजे. ज्याचं बजेटच सत्तर-ऐंशी कोटी होतं तो शंभर कोटी 'कमावून' पण थिएटरच्या पैशात गोत्यात. आणि चार कोटीत बनवलेल्या मराठी सिनेमानं वीस कोटी ग्रॉस केला तर त्याचा शेअर आठच्या आसपास, तो माणूस पेढे वाटेल.

म्हणजे हिट का फ्लॉप हे कलेक्शनवर ठरत नाही, कलेक्शन आणि खर्च यांच्या जोडीवर ठरतं. शंभर कोटींचा फ्लॉप असतो आणि पंधरा कोटींचा सुपरहिट असतो. याच्यावर ग्रुपमधे अजून पण एक जण कुरकुर करतो, पण त्याचं सोडा.

मग तोटा नक्की कोणाला होतो?

हे सौदा कसा झालाय त्यावर आहे. काही वेळा डिस्ट्रिब्युटर फक्त कमिशनवर काम करतो, सिनेमा पडला तर निर्माता पडला, याचं कमिशन याला मिळालं. काही वेळा तो आधी ॲडव्हान्स देतो आणि नंतर वसूल करून घेतो. आणि एक प्रकार एमजी, म्हणजे मिनिमम गॅरंटी, आमचा बागायतदार मित्र लगेच म्हणाला हा तर बाग उक्ती देण्याचा प्रकार. अगदी तेच. व्यापारी झाडावरची द्राक्षं बघून ठोक रक्कम ठरवतो, नंतर अवकाळी आला तर नुकसान व्यापाऱ्याचं, भाव चढला तर फायदा पण आधी त्याचा. मोठ्या स्टारच्या सिनेमाची एमजी घेऊन बुडालेले लोक या धंद्यात ढिगानं आहेत, आणि त्याच्या दुसऱ्याच वर्षी परत एमजी घेणारे पण ढिगानं आहेत.

शिवाय थिएटरच्या पलीकडं ओटीटी, टीव्ही, गाण्यांचे हक्क असे पैसे निर्मात्याला मिळतात. त्यामुळे थिएटरमधे आपटलेला सिनेमा पण कधीकधी कागदावर तगतो.

पण मराठी सिनेमाला सकाळी पावणेदहाचाच शो का?

खरं म्हणजे मला लिहायचं होतं ते यावरच.

मागच्या वर्षी एका मराठी सिनेमाला मी, बायको आणि आई, तिघं गेलो. शुक्रवार, सकाळी पावणेदहा. मी अर्धी रजा टाकली, आईनं देवपूजा उरकती घेतली, बायकोनं डबे करून कुलूप लावलं. हॉलमधे आम्हाला धरून नऊ माणसं. सिनेमा चांगला होता, आई तर इंटरव्हलला डोळे पुसत होती. मी ग्रुपवर टाकलं की बघाच, चौघांनी सोमवारी संध्याकाळची तिकिटं काढली आणि दुपारी मेसेज आला, तांत्रिक कारणामुळे शो रद्द, पैसे परत. तांत्रिक कारण कसलं, चारच तिकिटं गेली होती. थिएटरचं नाव सांगत नाही, कारण हे सगळीकडेच होतं.

आता चिडण्याआधी थिएटरवाल्याच्या खुर्चीत बसून बघू. आमच्या शोला नऊ माणसं, टॅक्स सोडून तिकीट समजा १२० रुपये. एकूण झाले १०८०, थिएटरचा निम्मा वाटा ५४०. तेवढ्यात एसी चालवायचा, प्रोजेक्टर चालवायचा, डोअरकीपर, झाडलोट, लाईटबिल. त्याच हॉलमधे संध्याकाळी मोठ्या हिंदी सिनेमाला अडीचशेपैकी दीडशे माणसं आली आणि तिकीट २०० धरलं तर ३०,००० झाले, त्याचे १५,००० थिएटरला, वर पॉपकॉर्न वेगळं. कुठं ५४० आणि कुठं १५,०००. तुम्ही असता तर संध्याकाळ कोणाला दिली असती?

त्यात मोठ्या सिनेमाचा डिस्ट्रिब्युटर दादागिरी करतो ती निराळी. माझा सिनेमा पाहिजे ना, मग इतके शो दिलेच पाहिजेत. सिंगल स्क्रीनला तर सरळ सांगतात, चारही शो आमचेच. चार स्क्रीनचं मल्टिप्लेक्स, प्रत्येकी पाच शो धरले तर दिवसाला वीस शो होतात, त्यातले बारा-चौदा एका सिनेमानं खाल्ले की उरलेल्या सहा-आठमधे मागच्या आठवड्याचा हिंदी, एखादा डब केलेला साऊथचा, एखादा इंग्रजी, आणि मराठी. मराठीत पण एकाच शुक्रवारी दोन-तीन सिनेमे येऊन एकमेकांच्या पायावर धोंडा पाडतात, ते तर बोलायलाच नको.

आणि हे वेळापत्रक ठरतं कसं ते बघा. सिनेमाचा आठवडा शुक्रवार ते गुरुवार. शुक्रवार-शनिवार-रविवारी किती खुर्च्या भरल्या ते सोमवारी बघतात, याला ते लोक ऑक्युपन्सी म्हणतात. ज्याच्या खुर्च्या रिकाम्या त्याचे पुढच्या शुक्रवारपासून शो कापले, कधीकधी मधल्याच दिवसात कापले. मोठ्या कंपन्यांचा हा निर्णय नाशकातला मॅनेजर घेत नाही, त्यांचं प्रोग्रॅमिंग खातं हे ठरवतं. त्यामुळे इथल्या मॅनेजरशी वाद घालून काही होत नाही, तो बिचारा मान हलवतो आणि तुमच्यासमोर वहीत काहीतरी लिहून घेतो.

सिनेमा म्हणजे द्राक्ष आहे, कांदा नाही, असं आमचा मित्र म्हणाला ते मला फार आवडलं. कांदा चाळीत ठेवता येतो, भाव येईपर्यंत थांबता येतं. द्राक्ष उतरवलं की घड्याळ सुरू. मोठ्या सिनेमाला पब्लिसिटीचं कोल्ड स्टोरेज असतं, छोट्या सिनेमाची गोडी तोंडातोंडी पसरायला आठ-दहा दिवस लागतात आणि तेवढ्यात माल उतरून गेलेला असतो.

थिएटरवाल्याचं गणित बरोबर आहे हे मी मान्य करतो. पण त्याची परीक्षा चुकीची आहे. नाशकात दुपारी साडेतीनला मिसळीचं दुकान उघडायचं, संध्याकाळी गल्ला मोजायचा आणि म्हणायचं नाशिककरांना मिसळ आवडत नाही, असं ते आहे. पावणेदहाला शो लावला म्हणून माणसं आली नाहीत, आणि माणसं आली नाहीत म्हणून पुढच्या वेळी परत पावणेदहा. अहो शुक्रवारी सकाळी अंबडच्या कंपनीतला माणूस मशीनवर असतो, शाळेची पोरं शाळेत, बायका ओट्यापाशी. येणार कोण?

"मग सरकारनं सक्ती करावी ना"

केली की. एप्रिल २०१५ मधे विनोद तावडे सांस्कृतिक कार्यमंत्री असताना घोषणा झाली होती की मल्टिप्लेक्समधे मराठीला प्राइम टाइममधे, म्हणजे संध्याकाळी सहा ते नऊमधे शो द्यायचा. त्याच्यावर देशभर गदारोळ झाला आणि मग ते सैल होऊन दुपारी बारा ते रात्री नऊ असं झालं. आता दुपारी सव्वाबारा पण बारा ते नऊमधेच येतं, हे सांगायला वकील लागत नाही.

आणि सक्तीनं शो मिळतो, माणसं मिळत नाहीत. कोणता मराठी सिनेमा लावायचा हे पण शेवटी थिएटरच ठरवणार, त्यामुळे सक्तीचा फायदा आधीच चालत असलेल्याला होतो आणि नव्या पोरांचा सिनेमा होता तिथंच राहतो. मी सक्तीच्या विरोधात नाही हां. पण नुसत्या नियमानं पावणेदहाचं सहा वाजत नाही.

उलट्या बाजूचं पण सांगतो. थिएटरवाल्याचं मराठीशी वैर नाही, त्याचं प्रेम फक्त भरलेल्या खुर्चीवर. २९ एप्रिल २०१६ ला 'सैराट' आला तेव्हा रात्री बारा-बाराला जादा शो लावले होते, आणि ३० जून २०२३ ला 'बाईपण भारी देवा' आला तेव्हा बायकांचे ग्रुपच्या ग्रुप साड्या नेसून वर्किंग डेच्या दुपारी हॉल भरत होते, माझ्या आईची भिशी दोनदा गेली. तेव्हा हिंदीचे शो काढून याला दिले. म्हणजे माणसं दिसली की शो हलतात, प्रश्न आहे तो पहिल्या तीन दिवसांत माणसं दिसण्याचा.

"तिकीट स्वस्त करा, आपोआप भरेल"

हे मला पण वाटायचं आणि थोडंफार अजून वाटतं. नॅशनल सिनेमा डेला काय होतं आपण बघितलंय, २३ सप्टेंबर २०२२ ला ७५ रुपये तिकीट होतं आणि २०२३, २०२४ ला ९९ रुपये, त्या दिवशी सिटी सेंटर मॉलला पार्किंग मिळणं मुश्किल. मग रोजच का नाही?

कारण एक दिवसाची जत्रा वेगळी आणि रोजचा बाजार वेगळा. २०० चं तिकीट १०० केलं तर तेवढीच कमाई करायला दुप्पट माणसं यायला हवीत, रोज. मंगळवारी येतील का? काही सिनेमांना येतील, सगळ्यांना नाही. मॉलचं भाडं, पगार, लाईटबिल यातलं काही निम्मं होत नाही. तमिळनाडूत सरकारनं तिकिटाला वरची मर्यादा घातलेली आहे, कर्नाटकानं पण सप्टेंबर २०२५ मधे २०० रुपयांची मर्यादा आणली होती, तिला हायकोर्टानं लगेच स्थगिती दिली. आपल्याकडं असली मर्यादा नाही.

एक मधला रस्ता मात्र आता मोकळा झालाय असं माझं मत. शंभरपर्यंतच्या तिकिटाला ५ टक्केच जीएसटी आहे. म्हणजे मंगळवार-बुधवारच्या दुपारी, जेव्हा नाहीतरी खुर्च्या रिकाम्याच असतात, तेव्हा शंभरच्या आत तिकीट ठेवलं तर टॅक्सचा भार पण कमी. काही ठिकाणी करतात असं, पण ते पहिल्याच आठवड्यात, मराठीला संध्याकाळी, असं कोणी करून बघत नाही.

पॉपकॉर्नच्या भावात किलोभर शेंगदाणे येतात, त्याचं काय?

तिकिटाचे पैसे डिस्ट्रिब्युटरबरोबर वाटून घ्यावे लागतात, पॉपकॉर्नचे नाही. याच्यापेक्षा सोपं उत्तर नाही. मोठ्या मल्टिप्लेक्स कंपनीचं साधारण निम्मं उत्पन्न तिकिटातनं येतं, तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास खाण्यापिण्यातनं, उरलेलं जाहिराती आणि इतर गोष्टींतनं. आणि खाण्यापिण्यातला नफा तिकिटापेक्षा कितीतरी जास्त. खरं सांगायचं तर ते खाणावळवाले आहेत, गिऱ्हाईक आत यावं म्हणून सिनेमा दाखवतात. जाहिराती वीस-वीस मिनिटं का चालतात तेही यातच आलं.

टॅक्समुळे महाग आहे असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. थिएटरमधल्या खाण्यावर हॉटेलासारखा ५ टक्केच जीएसटी आहे, जुलै २०२३ मधे जीएसटी कौन्सिलनं ते स्पष्ट केलं.

"मग घरनं चिवडा नेला तर अडवतात कोण?" तर ते अडवू शकतात. सुप्रीम कोर्टानं ३ जानेवारी २०२३ ला सांगितलं की थिएटर खासगी जागा आहे, बाहेरचं खाणं आणू द्यायचं का नाही हे मालक ठरवू शकतो. पण त्यातच हेही आहे की प्यायचं चांगलं पाणी फुकट ठेवलं पाहिजे, आणि लहान बाळासाठी आईबापांनी आणलेलं खाणं अडवायचं नाही. पाणी कुठंय विचारा, एखाद्या कोपऱ्यात कूलर असतोच, फक्त त्याचा बोर्ड पॉपकॉर्नच्या बोर्डएवढा मोठा नसतो.

सिंगल स्क्रीन असते तर हे झालं नसतं?

विजयानंद, चित्रमंदिर, सर्कल, हेमलता, दामोदर, ही नुसती नावं घेतली तरी आमच्या ग्रुपमधे अर्धा तास जातो. बाल्कनी, ड्रेस सर्कल, पिटातल्या शिट्ट्या, बाहेर 'दस का बीस'. तेव्हा एकाच हॉलमधे तिकिटाचे तीन-चार भाव असायचे, हमाल पण यायचा आणि डॉक्टर पण यायचा. ती सोय गेली हे खरं नुकसान.

पण आठवणीत एसी बंद असायचा, उंदीर असायचे, हे आपण वगळून सांगतो. हजारभर खुर्च्यांचा हॉल एकाच सिनेमावर भरवायचा म्हणजे तो पडला की आठवडाभर माशा मारायच्या, मल्टिप्लेक्सवाला एक पडला तर दुसरा लावतो. शिवाय गावाच्या मधोमध तेवढी जागा, तिच्या किमतीपुढं गल्ला काहीच नाही. मालकाला कॉम्प्लेक्स बांधायचा मोह होणारच. नॉस्टॅल्जियावर लाईटबिल भरता येत नाही.

"ओटीटीवर येतोच की, कशाला जायचं"

हिंदीला मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्या आठ आठवड्यांची अट घालतात, म्हणजे थिएटरनंतर तेवढे दिवस ओटीटीवर आणायचा नाही. दक्षिणेतले बरेच सिनेमे चार आठवड्यांतच येतात. त्यामुळे 'थांबू की महिनाभर' ही सवय लागली, मला पण लागलीय.

पण मराठीच्या बाबतीत यात एक मेख आहे. थिएटरमधे न चाललेला मराठी सिनेमा ओटीटीवाले घेतीलच असं नाही, घेतला तर किती पैशांना घ्यायचा हे बघताना थिएटरात काय झालं हे पण बघतात. म्हणजे सगळेच ओटीटीची वाट बघत बसले तर काही सिनेमे ओटीटीवर पण येत नाहीत, कुठंच येत नाहीत. मी ज्या सिनेमाला नऊ माणसांतला एक होतो तो अजून मला कुठं सापडलेला नाही, आईला परत बघायचाय.

शेवटचा प्रश्न, हे आकडे तरी खरे असतात का?

आपल्याकडं सगळ्या थिएटरांचे आकडे गोळा करून जाहीर करणारी सरकारी यंत्रणा नाही. जे छापून येतं ते एक तर निर्मात्यानं सांगितलेलं असतं नाहीतर ट्रेडवाल्यांचा अंदाज असतो, म्हणून एकाच सिनेमाचे तीन ठिकाणी तीन आकडे दिसतात. त्यात कधी एकावर एक तिकीट फ्री असतं, कधी कोणीतरी गठ्ठ्यानं तिकिटं घेतलेली असतात, मग ॲपवर हाऊसफुल्ल आणि आत जाऊन बघावं तर अर्धा हॉल मोकळा.

मोठा आकडा सांगून माणसं ओढायची युक्ती मात्र आपल्याच गाववाल्याची म्हणायला हरकत नाही. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' काढला, आणि असं सांगतात की सुरतेला पहिल्या दिवशी गल्ला जेमतेम तीन रुपये झाला तेव्हा त्यांनी जाहिरात केली की ५७,००० फोटो, दोन मैल लांब चित्र, आणि सगळं तीन आण्यात. गर्दी लोटली. त्यांच्या 'लंका दहन'च्या वेळी तर नाण्यांची पोती बैलगाडीतनं न्यावी लागली अशी गोष्ट आहे. पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे तिथं आपण पोरांना घेऊन जातो, पण ती पोती ग्रॉसची होती का शेअरची हे कोणी विचारत नाही.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर कोटी बघूच नयेत, किती माणसांनी बघितला ते बघावं. १९९० च्या दशकातलं तिकीट आणि आजचं तिकीट यांची तुलना करून 'सर्वात मोठा' ठरवणं म्हणजे तेव्हाची मिसळ आणि आजची मिसळ बिलावरनं जोखणं. तिकिटं किती फाटली हा आकडा महागाईनं फुगत नाही. पण तो पोस्टरवर कोणी छापत नाही.

तर एवढं सगळं टिशू पेपरवर मांडून झाल्यावर पैजेचा प्रश्न परत आला. सिनेमानं शंभर कोटी केले होते, म्हणजे पहिला बरोबर. शेअर चाळीस आला आणि खर्च त्याच्या वर गेला होता, म्हणजे दुसरा पण बरोबर. हरलंच नाही कोणी, मग बिल कोणी द्यायचं? पिंपळगाववाल्यानं तोडगा काढला. दोघांनी निम्मं-निम्मं दिलं, पहिल्या आठवड्याच्या दरानं.